प्रॅक्टिकल नर्सिंग: अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात वर्षभरात नर्स होता येतं, पण त्यापुढे काय?

अमेरिकेत नर्स व्हायचं तर चार वर्षांची पदवी घ्यावीच लागते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तिथे नर्सिंगच्या लायसन्सचे वेगवेगळे स्तर आहेत. त्यातल्या एका स्तरासाठी बारावीनंतर साधारण वर्षभराचा कोर्स आणि एक परीक्षा पुरेशी असते. हे लायसन्स मिळवणाऱ्यांना 'लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स' म्हणजेच एलपीएन म्हणतात.

हा कोर्स शिकवणाऱ्या संस्थांमध्ये मोठा वाटा कम्युनिटी कॉलेजांचा आहे. घराजवळ, कमी फीमध्ये आणि लवकर नोकरी मिळवून देणारा कोर्स अशी त्याची ओळख आहे. घर सांभाळून शिकणाऱ्या महिला, अमेरिकेत नव्याने स्थायिक झालेली कुटुंबं आणि तिशी-चाळिशीत पेशा बदलू पाहणारे लोक याकडे मोठ्या संख्येने वळतात.

पण हे एक वर्ष सोपं नसतं. शिवाय लायसन्स हातात आल्यावरही काही दारं बंदच राहतात. हा कोर्स नेमका काय आहे, त्यात काय शिकवतात, खर्च किती येतो आणि एलपीएन झाल्यावर पुढे काय होतं, ते समजून घेऊया.

एलपीएन म्हणजे नेमकं कोण?

अमेरिकेतल्या नर्सिंगची उतरंड ढोबळमानाने अशी सांगता येईल.

- नर्सिंग असिस्टंट (सीएनए): रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं, चालायला मदत करणं. १९८७ च्या संघीय कायद्यानुसार नर्सिंग होममध्ये काम करण्यासाठी किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं. काही राज्यांत त्याहून जास्त.
- प्रॅक्टिकल नर्स (एलपीएन): साधारण एक वर्षाचा कोर्स, त्यानंतर 'एनक्लेक्स-पीएन' ही परीक्षा.
- रजिस्टर्ड नर्स (आरएन): दोन वर्षांची असोसिएट डिग्री किंवा चार वर्षांची पदवी, त्यानंतर 'एनक्लेक्स-आरएन' ही परीक्षा.
- नर्स प्रॅक्टिशनर: आरएन झाल्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट.

कॅलिफोर्निया आणि टेक्सास या दोन राज्यांत एलपीएनला 'लायसन्स्ड व्होकेशनल नर्स' म्हणजे एलव्हीएन म्हणतात. नाव वेगळं असलं, तरी परीक्षा आणि लायसन्सचा स्तर तोच.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे छोटं खासगी हॉस्पिटल. अमेरिकेत मात्र वृद्ध किंवा दीर्घकाळ आजारी असलेले लोक जिथे राहतात आणि जिथे त्यांची शुश्रूषा होते, त्या संस्थेला नर्सिंग होम म्हणतात. एलपीएनच्या कामाचा मोठा भाग तिथेच असतो.

एलपीएन काय करू शकतात आणि काय नाही?

एलपीएन रक्तदाब, नाडी, तापमान, श्वास मोजतात. तोंडाने घ्यायची औषधं देतात. इन्सुलिन आणि स्नायूत द्यायची इंजेक्शनं देतात. जखमेचं ड्रेसिंग करतात, लघवीची नळी घालतात, नाकातून किंवा पोटात बसवलेल्या नळीतून अन्न देतात आणि या सगळ्याची नोंद ठेवतात. हे काम आरएन किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं.

मर्यादा कुठे येते? रुग्ण दाखल झाल्यावर त्याची पहिली संपूर्ण तपासणी करून काळजीचा आराखडा ठरवणं हे आरएनचं काम मानलं जातं. एलपीएन माहिती गोळा करतात, बदल टिपतात आणि कळवतात. शिरेतून थेट औषध देणं, रक्त चढवायला सुरुवात करणं अशा कामांवर अनेक राज्यांत एलपीएनना बंदी आहे, तर काही राज्यांत जादा प्रशिक्षणानंतर त्यातली काही कामं करता येतात.

नर्सिंगचं लायसन्स हा राज्यांचा विषय आहे. प्रत्येक राज्याचं स्वतःचं बोर्ड आणि नियम आहेत. त्यामुळे एकाच लायसन्सवर एका राज्यात जे काम करता येतं, ते शेजारच्या राज्यात करता येईलच असं नाही. चाळीसहून अधिक राज्यं आता 'नर्स लायसेन्शर कॉम्पॅक्ट' या करारात सामील आहेत. त्यातल्या एका राज्याचं बहुराज्यीय लायसन्स इतर सदस्य राज्यांतही चालतं. पण काम ज्या राज्यात, नियमही तिथलेच लागू होतात.

हा कोर्स आला कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये वायडब्ल्यूसीए या महिला संघटनेने घरी जाऊन आजाऱ्यांची आणि बाळंतिणींची काळजी घेणाऱ्या महिलांसाठी काही महिन्यांचे वर्ग सुरू केले. प्रॅक्टिकल नर्सिंगच्या औपचारिक शिक्षणाची सुरुवात तिथून मानली जाते. १९१४ मध्ये मिसिसिपी राज्याने प्रॅक्टिकल नर्सच्या लायसन्सचा कायदा केला. १९३८ मध्ये न्यूयॉर्कने नर्सिंगचं काम करण्यासाठी लायसन्स सक्तीचं करणारा कायदा आणला.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र बदललं. अनेक नर्स सैन्यात गेल्या आणि देशात तुटवडा निर्माण झाला. युद्धानंतर नवी हॉस्पिटलं उभी राहिली आणि तुटवडा वाढतच गेला. लवकर तयार होणारी प्रॅक्टिकल नर्स हा त्यावरचा एक उपाय ठरला. १९५६ च्या एका संघीय कायद्याने या प्रशिक्षणासाठी राज्यांना पैसाही दिला.

त्याच सुमारास कम्युनिटी कॉलेजं वाढत होती. अमेरिकेतलं सर्वांत जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज म्हणजे इलिनॉय राज्यातलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज, स्थापना १९०१. पण या कॉलेजांचा खरा विस्तार झाला तो युद्धानंतर. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये प्रत्येकाच्या आवाक्यातल्या, स्थानिक गरजांप्रमाणे शिकवणाऱ्या कॉलेजांची शिफारस केली आणि 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द रूढ झाला.

१९५२ मध्ये मिल्ड्रेड मोंटॅग या नर्सिंग शिक्षणतज्ज्ञ महिलेच्या कल्पनेवरून कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांच्या नर्सिंग डिग्रीचा प्रयोग सुरू झाला. तोपर्यंत नर्सिंग प्रामुख्याने हॉस्पिटलांच्या स्वतःच्या शाळांत शिकवलं जाई. आज अनेक कम्युनिटी कॉलेजांत एकाच इमारतीत सीएनए, एलपीएन आणि आरएन असे तिन्ही कोर्स चालतात.

कम्युनिटी कॉलेजच का?

पहिलं कारण पैसा. कॉलेज बोर्ड या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ या वर्षात सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजमध्ये स्थानिक विद्यार्थ्याची सरासरी वार्षिक फी सुमारे ४,००० डॉलर होती. खासगी, नफा कमावणाऱ्या संस्थांत याच कोर्सला कित्येक पटींनी जास्त पैसे लागू शकतात. अर्थात, कम्युनिटी कॉलेजमध्येही फी म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. गणवेश, स्टेथोस्कोप, पुस्तकं, सराव परीक्षांचं शुल्क, लसी, पोलीस पडताळणी आणि हॉस्पिटलपर्यंतचा प्रवास हे सगळं वेगळं.

कमी उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना 'पेल ग्रँट' ही संघीय मदत मिळू शकते आणि ती परत करावी लागत नाही. २०२३-२४ मध्ये तिची कमाल मर्यादा वर्षाला ७,३९५ डॉलर होती. अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही ठरावीक गटांनाच ती मिळते.

दुसरं कारण म्हणजे जवळीक. ग्रामीण भागात शंभर किलोमीटरच्या परिसरात विद्यापीठ नसेल, पण कम्युनिटी कॉलेज बहुधा असतं. तिथून शिकलेल्या नर्स त्याच भागातल्या नर्सिंग होममध्ये आणि दवाखान्यात कामाला लागतात. म्हणून स्थानिक आरोग्यव्यवस्थेलाही हा कोर्स चालू राहणं गरजेचं वाटतं.

मात्र फी कमी म्हणून प्रवेश सहज मिळतो, असं नाही. जागा मोजक्या असतात. प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या प्रशिक्षणात एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असावेत यावर राज्यांची मर्यादा असते. शिकवणारी नर्स हॉस्पिटलात काम करून अनेकदा कॉलेजपेक्षा जास्त कमावते, त्यामुळे शिक्षक मिळणं कठीण जातं. हॉस्पिटलं आणि नर्सिंग होमही एका वेळी ठरावीकच विद्यार्थी घेतात. परिणामी नर्सची टंचाई असलेल्या भागातच नर्सिंगला प्रतीक्षायादी, असं विचित्र चित्र अनेक ठिकाणी दिसतं.

प्रवेशासाठी काय लागतं?

कॉलेजागणिक नियम बदलतात, पण साधारणपणे या गोष्टी मागितल्या जातात.

- हायस्कूल डिप्लोमा किंवा 'जीईडी' हे त्याचं समकक्ष प्रमाणपत्र
- शरीररचना, इंग्रजी, गणित यांसारखे काही विषय आधी पूर्ण केलेले असणं
- 'टीज' किंवा तत्सम प्रवेश परीक्षा, ज्यात वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी असतं
- काही कॉलेजांत आधीपासून सीएनए असण्याची अट
- पोलीस पडताळणी, अमली पदार्थांची चाचणी, लसीकरणाचा पुरावा आणि सीपीआरचं प्रमाणपत्र

म्हणूनच 'एका वर्षाचा कोर्स' हे पूर्ण सत्य नाही. आधीचे विषय आणि प्रतीक्षायादी धरली, तर पहिल्या चौकशीपासून लायसन्सपर्यंत दोन-अडीच वर्षं सहज जाऊ शकतात.

वर्षभरात काय शिकवतात?

किती तास शिकवायचं हे राज्यं ठरवतात. कॅलिफोर्नियात व्होकेशनल नर्सिंगच्या कोर्ससाठी किमान १,५३० तास ठरलेले आहेत. त्यातले ५७६ तास वर्गात आणि ९५४ तास प्रत्यक्ष कामाचे. टेक्सासमध्ये हाच आकडा किमान १,३९८ तासांचा आहे. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ हात चालवत शिकण्यात जातो.

पहिल्या सत्रात पाया असतो. हात कसे धुवायचे, हातमोजे जंतूविरहित राहतील असे कसे घालायचे, अंथरुणात झोपलेल्या माणसाखालची चादर त्याला न उठवता कशी बदलायची, पाठीवर दाबाने होणारी जखम सुरुवातीलाच कशी ओळखायची. हे आधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पुतळ्यावर करतात. शिक्षक हातात यादी घेऊन प्रत्येक पायरी तपासतात. एक महत्त्वाची पायरी चुकली, की पुन्हा पहिल्यापासून. उदाहरणार्थ, लघवीची नळी घालताना ती चुकून चादरीला लागली, तर ती टाकून नवी घ्यावी लागते. ते लक्षात न आल्यास विद्यार्थी नापास होतो, कारण खऱ्या रुग्णाला त्यातून संसर्ग होऊ शकतो.

पुढच्या सत्रांत प्रौढांचे आजार, शस्त्रक्रियेनंतरची काळजी, बाळंतपण, बालरोग, मानसिक आरोग्य आणि वृद्धांची शुश्रूषा हे विषय येतात. औषधशास्त्र सोबत चालतंच.

औषधाच्या मात्रेचं गणित हा इथला स्वतंत्र अडथळा असतो. गणित स्वतः फार अवघड नसतं. समजा, डॉक्टरांनी डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध ०.१२५ मिलिग्रॅम लिहून दिलं आहे आणि हातातली गोळी ०.२५ मिलिग्रॅमची आहे. उत्तर सोपं, अर्धी गोळी. पण नर्सिंगमध्ये उत्तर तिथे संपत नाही. डिगॉक्सिन देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, असं शिकवलं जातं. प्रौढ रुग्णात ते ६० पेक्षा कमी भरले, तर गोळी न देता वरिष्ठांना कळवायचं. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर मात्रा दहापट होते. त्यामुळे अनेक कॉलेजांत या गणिताच्या परीक्षेत ९० टक्के, काही ठिकाणी तर १०० टक्के मिळवावे लागतात.

औषध देताना दर वेळी तपासायच्या गोष्टीही घोटून घेतल्या जातात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ आणि योग्य नोंद.

विद्यार्थी कुठे अडखळतात?

पहिला अडसर वेळेचा. प्रत्यक्ष प्रशिक्षणाची पाळी अनेकदा सकाळी साडेसहा-सातला सुरू होते. आठवड्यातले तीन-चार दिवस असे गेले, की नोकरीला वेळ उरत नाही. कम्युनिटी कॉलेजमध्ये येणाऱ्या अनेकांना मात्र नोकरी सोडणं परवडत नाही. लहान मुलांना इतक्या सकाळी कुठे ठेवायचं, हा प्रश्न वेगळाच. हजेरीचे नियम कडक असतात, कारण तास भरले नाहीत तर राज्य परीक्षेला बसू देत नाही.

दुसरा अडसर गुणांचा. उत्तीर्ण होण्याची रेषा अनेक ठिकाणी ७५ ते ८० टक्क्यांवर असते. विषय एकमेकांवर उभे असल्यामुळे एकात नापास झालेल्याला पुढे जाता येत नाही. हा कोर्स वर्षातून एकदाच सुरू होत असेल, तर पुढच्या तुकडीपर्यंत थांबावं लागतं आणि जागा असेल तरच परत येता येतं. यात गेलेली फी आणि सोडलेली नोकरी परत मिळत नाही.

तिसरा अडसर प्रश्नांच्या पद्धतीचा. 'मधुमेहाची लक्षणं लिहा' असा प्रश्न इथे येत नाही. चार रुग्ण दिलेले असतात आणि आधी कोणाकडे जाल, असं विचारलं जातं. चारही पर्याय बरोबर वाटतात. आधी श्वास, मग रक्ताभिसरण, मग बाकीचं, असा क्रम लावायला शिकावं लागतं. पाठांतरावर वाढलेल्या विद्यार्थ्यांना हे विशेष जड जातं.

एनक्लेक्स-पीएन परीक्षा कशी असते?

कोर्स पूर्ण झाला म्हणजे नर्स झालं, असं नाही. त्यासाठी 'नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंग' या संस्थेची एनक्लेक्स-पीएन परीक्षा द्यावी लागते. तिचं शुल्क २०० डॉलर आहे. राज्याच्या लायसन्सचं शुल्क वेगळं.

१९९४ पासून ही परीक्षा संगणकावर होते आणि तिची रचना वेगळी आहे. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा कठीण येतो, चुकलं की थोडा सोपा. परीक्षार्थीची पातळी उत्तीर्ण रेषेच्या वर आहे की खाली, याची संगणकाला ९५ टक्के खात्री पटली, की परीक्षा थांबते. म्हणून कोणाला ८५ प्रश्न येतात, तर कोणाला १५०. वेळ जास्तीत जास्त पाच तास. गुण सांगितले जात नाहीत, फक्त पास किंवा नापास. नापास झाल्यास किमान ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं.

एप्रिल २०२३ पासून परीक्षेत रुग्णाची पूर्ण केस देऊन त्यावर टप्प्याटप्प्याने निर्णय घ्यायला लावणारे प्रश्नही आले आहेत. अमेरिकेत शिकलेल्या आणि पहिल्यांदाच परीक्षा देणाऱ्यांपैकी गेल्या काही वर्षांत दर पाच जणांमागे चार किंवा त्याहून जास्त जण पास होत आले आहेत. पण हे प्रमाण कॉलेजागणिक बरंच बदलतं. अनेक राज्यांची बोर्डं प्रत्येक कॉलेजचा निकाल जाहीर करतात. प्रवेश घेण्याआधी तो पाहणं शहाणपणाचं ठरतं.

नोकरी कुठे आणि पगार किती?

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार देशात एलपीएनच्या साधारण साडेसहा लाख नोकऱ्या आहेत. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश नर्सिंग होम आणि निवासी शुश्रूषा केंद्रांत आहेत. उरलेल्या हॉस्पिटलं, डॉक्टरांचे दवाखाने, घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्था, शाळा आणि तुरुंग यांत विभागलेल्या आहेत.

मे २०२३ मध्ये एलपीएनचा मध्यम वार्षिक पगार ५९,७३० डॉलर होता. म्हणजे निम्म्या एलपीएन याहून जास्त कमावत होत्या, निम्म्या कमी. त्याच वेळी आरएनचा आकडा ८६,०७० डॉलर होता आणि नर्सिंग असिस्टंटचा साधारण ३८ हजार.

सीएनए म्हणून काम करणाऱ्यासाठी एलपीएन होणं ही मोठी उडी आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला वीस हजार डॉलरने वाढणं म्हणजे घरभाडं वेळेवर भरता येणं, दुसरी नोकरी सोडता येणं. पण एलपीएन आणि आरएनमधली दरी त्याहूनही मोठी आहे.

मग वाद कशाचा आहे?

प्रॅक्टिकल नर्सला नर्सिंगच्या पेशात नेमकी कोणती जागा द्यायची, हा वाद जुना आहे. १९६५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने भूमिका मांडली, की व्यावसायिक नर्ससाठी किमान चार वर्षांची पदवी हवी आणि तांत्रिक स्तरासाठी दोन वर्षांची डिग्री. या मांडणीत एका वर्षाच्या कोर्सला जागाच नव्हती. नॉर्थ डकोटा या एकाच राज्याने १९८७ मध्ये ती अमलात आणली. आरएनसाठी पदवी आणि एलपीएनसाठी असोसिएट डिग्री सक्तीची झाली. २००३ मध्ये राज्याने ही सक्ती मागे घेतली.

बाजाराने मात्र स्वतःचा निर्णय घेतला. गंभीर रुग्णांवरच हॉस्पिटलात उपचार आणि बाकीच्यांना लवकर घरी, अशी पद्धत आली तशी हॉस्पिटलांनी एलपीएनच्या जागा कमी करून आरएन वाढवल्या. एलपीएन नर्सिंग होमकडे सरकल्या. कोविडच्या काळात मनुष्यबळ कमी पडल्यावर काही हॉस्पिटलांनी त्यांना पुन्हा वॉर्डात आणलं.

नर्सिंग होममधलं वास्तव वेगळं आहे. रात्रपाळीला एका मजल्यावर एकच एलपीएन आणि काही सीएनए, आरएन फोनवर, ही अनेक ठिकाणची रोजची स्थिती असते. एकेका एलपीएनकडे वीस-तीस वृद्धांची औषधं असतात. कागदावर 'देखरेखीखाली' काम करणारी हीच नर्स प्रत्यक्षात रात्री दोन वाजता ठरवते, की या आजोबांचा श्वास बदललाय, आता डॉक्टरांना उठवायचं की नाही. एका वर्षाच्या प्रशिक्षणावर इतकी जबाबदारी टाकावी का, असं काही जण विचारतात. इतकी जबाबदारी असेल तर पगार आणि मान कमी का, असं एलपीएन विचारतात.

एप्रिल २०२४ मध्ये बायडेन सरकारने नर्सिंग होमसाठी किमान मनुष्यबळाचा नियम आणला. प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला ३.४८ तासांची शुश्रूषा, त्यातले किमान ०.५५ तास आरएनचे आणि २.४५ तास नर्सिंग असिस्टंटचे. एलपीएनसाठी वेगळा किमान आकडा नव्हता. त्यामुळे नर्सिंग होम एलपीएन कमी करून आकडे जुळवतील, अशी भीती व्यक्त झाली. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने या नियमातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. पण सर्वाधिक एलपीएन जिथे काम करतात, तिथेच त्यांचं स्थान किती धूसर आहे हे त्यातून दिसलं.

पुढे आरएन होता येतं का?

येतं. अनेक कम्युनिटी कॉलेजांत 'एलपीएन ते आरएन' असा जोड-कोर्स असतो. आधीच्या शिक्षणाचे क्रेडिट धरून साधारण एक ते दीड वर्षात असोसिएट डिग्री मिळते आणि एनक्लेक्स-आरएन देता येते. दिवसा शिकून रात्री एलपीएन म्हणून कमावत हा टप्पा पार करणारे अनेक जण असतात. काही हॉस्पिटलं आणि नर्सिंग होम फीचा भारही उचलतात. त्या बदल्यात ठरावीक काळ तिथेच काम करावं लागतं.

मात्र प्रवेश घेण्याआधीच एक प्रश्न विचारायला हवा: या कोर्सचे क्रेडिट पुढे धरले जातील का? काही संस्थांचा एलपीएन कोर्स तासांवर चालतो, क्रेडिटवर नाही. तसं असेल तर आरएनसाठी बरंच काही पुन्हा शिकावं लागतं. कॅलिफोर्नियात एलव्हीएनसाठी '३० युनिट'चा एक छोटा मार्ग आहे. त्यातून डिग्री न घेता आरएनची परीक्षा देता येते. पण हे लायसन्स अनेक राज्यं मान्य करत नाहीत. घाईत घेतलेला जवळचा रस्ता पुढे असा महागात पडू शकतो.

बनावट डिप्लोमाचं प्रकरण काय होतं?

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी 'ऑपरेशन नाइटिंगेल' ही कारवाई जाहीर केली. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग संस्थांतून ७,६०० हून अधिक बनावट डिप्लोमा आणि गुणपत्रिका विकल्या गेल्याचा आरोप होता. त्यात आरएन आणि एलपीएन दोन्हींचे डिप्लोमा होते. २५ जणांवर आरोप ठेवण्यात आले. त्यानंतर वेगवेगळ्या राज्यांनी संशयित लायसन्सची तपासणी आणि रद्दबातल करण्याची प्रक्रिया सुरू केली.

म्हणून कोणत्याही संस्थेची फी भरण्याआधी ती राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे बोर्डाच्या संकेतस्थळावर तपासावं. ही मान्यता नसेल तर परीक्षेलाच बसता येत नाही. 'एसीईएन'सारख्या राष्ट्रीय संस्थेचं मानांकन ऐच्छिक असतं, पण पुढच्या शिक्षणात त्याचा उपयोग होतो.

आपल्याकडच्या एएनएम किंवा जीएनएमसारखंच आहे का?

पूर्णपणे नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमानुसार एएनएम हा दोन वर्षांचा कोर्स आहे आणि जीएनएम तीन वर्षांचा. एएनएमचा भर गावपातळीवरच्या आरोग्यसेवेवर असतो: लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, बाळंतपण. महाराष्ट्रातल्या उपकेंद्रांत हे काम त्याच करतात. अमेरिकेतली एलपीएन सुईणीचं काम करत नाही. तिचा दिवस जास्त करून वृद्ध आणि दीर्घ आजारी रुग्णांत जातो. भारतातून जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेले बहुतेक जण अमेरिकेत आरएनसाठीच अर्ज करतात. तिथल्या राज्याचं बोर्ड त्यांच्या शिक्षणाची छाननी करून निर्णय घेतं.

नर्सच्या ग्रीन कार्डसाठीही हा फरक महत्त्वाचा आहे. अमेरिकी कामगार विभागाच्या 'शेड्यूल ए' यादीत आरएन येतात. त्यामुळे त्यांना कामगार प्रमाणपत्राच्या लांबलचक प्रक्रियेतून सूट मिळते. एलपीएन त्या यादीत नाहीत.

जोडीदाराच्या एच-१बी व्हिसामुळे एच-४ वर अमेरिकेत असलेल्यांमध्ये मराठी कुटुंबंही बरीच आहेत. एच-४ वर कम्युनिटी कॉलेजात शिकता येतं. नोकरी मात्र वर्क परमिटशिवाय करता येत नाही. २०१५ पासून काही एच-४ धारकांना हे परमिट मिळू शकतं, मुख्यतः जोडीदाराचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल तर. काही राज्यांत लायसन्ससाठी सोशल सिक्युरिटी नंबरही लागतो. कोर्स संपेपर्यंत परमिट हातात असेल का, याचा हिशोब आधी केलेला बरा.

कॅनडात काय पद्धत आहे?

कॅनडातही बहुतेक प्रांतांत एलपीएन हेच नाव आहे. ऑन्टॅरिओत मात्र त्यांना 'रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स' म्हणतात आणि कॉलेजमधला डिप्लोमा दोन वर्षांचा असतो. जानेवारी २०२२ पासून ऑन्टॅरिओ आणि ब्रिटिश कोलंबियात 'रेक्स-पीएन' ही वेगळी परीक्षा घेतली जाते. गंमत म्हणजे पश्चिमेकडच्या प्रांतांत 'आरपीएन' म्हणजे मानसोपचार नर्स. एकाच देशात त्याच तीन अक्षरांचे दोन अर्थ, त्यामुळे नोकरीची जाहिरात नीट वाचावी लागते.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला काय विचारावं?

- राज्याच्या बोर्डाची मान्यता पूर्ण आहे की सशर्त?
- गेल्या तीन वर्षांत एनक्लेक्स-पीएनचा निकाल किती टक्के लागला?
- सुरुवातीला प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण कोर्स पूर्ण करतात?
- प्रत्यक्ष प्रशिक्षण कुठे होतं आणि पाळी किती वाजता सुरू होते?
- फीव्यतिरिक्त एकूण खर्च किती येतो?
- एका विषयात नापास झाल्यास परत येण्याचा नियम काय?
- हे क्रेडिट आरएनसाठी कोणती कॉलेजं मान्य करतात?

यातला तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारायला विसरतात. परीक्षेचा निकाल ९५ टक्के दिसत असला, तरी चाळीसपैकी वीसच विद्यार्थी परीक्षेपर्यंत पोहोचले असतील, तर त्या आकड्याचा अर्थ बदलतो. त्यामुळे हे दोन्ही आकडे एकत्रच पाहायला हवेत.